वीस फुटांवरचा संसार

शेवटी बायकोने बढती घेतली, सिनेमाला हवा तो प्रसंग मिळाला आणि डुप्लिकेटला कंपनीकडून लेखी समज मिळाली.

यातलं काहीही घडलेलं नाही असं धरून चालू. आत्ता कुठे जेवणाची सुट्टी व्हायची आहे, आणि डुप्लिकेट स्टुडिओच्या छताखाली, जमिनीपासून वीस फुटांवर, पोटावर आडवा लटकतो आहे. उजवी मूठ पुढे, डावी छातीशी. पाठीवर तेरा फुटांची लांबलचक लाल केप, टोक खाली लोंबणारं. कागदोपत्री ती केप होती. तिला इस्त्री करणारी माणसं तिला झूल म्हणत.

सिनेमाचं नाव 'वादळवीर'. वादळवीर जिथे बोलतो, रडतो, बायकोचा हात हातात घेतो, तिथे खरा हिरो असे. जिथे तो आपटतो, पेटतो किंवा उडतो, तिथे डुप्लिकेट. थोडक्यात, संसार एकाने करायचा आणि मार दुसऱ्याने खायचा. डुप्लिकेटला ही वाटणी फार आवडायची. माराचं एक बरं असतं, तो संपतो.

दिग्दर्शिकेला मात्र या वाटणीने घोर लावला होता. अर्धाकच्चा सिनेमा तिने काही लोकांना दाखवला, तेव्हा घरातला प्रसंग आला की लोक पाणी प्यायला उठत, आणि मारामारी सुरू झाली की मोबाइल बघत. पाणी आणि मोबाइल यांच्या मधे कुठेतरी सिनेमा असायला हवा होता. लेखकाला विचारलं तर तो म्हणे, "मॅडम, मी दोन्ही भरपूर घातलंय." घातलं होतं खरंच. वादळवीराची बायको म्हणायची, "आपल्याला बोलायचंय," की लगेच कुठेतरी स्फोट व्हायचा आणि हा खिडकीतून पसार. आधी पूल, मग धरण, मग बँक, मग पुन्हा तोच पूल.

"त्या पुलाला काय झालंय एवढं?" दिग्दर्शिकेने विचारलं होतं.

"जुना आहे," लेखक म्हणाला.

डुप्लिकेटला या कथेत काहीच खटकत नव्हतं. त्याच्या घरी असंच चालायचं. त्याची बायको लिफ्ट दुरुस्त करायची. इमारतीत कोणी मधल्यामधे अडकलं की हिला फोन. आता तिच्या कंपनीने तिला दुसऱ्या शहरातल्या दुरुस्ती विभागाची प्रमुख करायचं ठरवलं होतं. गाडीने तीन तासांचं अंतर. होय की नाही, ते आज पाचच्या आत कळवायचं होतं. आठवडाभर ती "आपल्याला बोलायचंय" म्हणाली, की याला काही ना काही आठवायचं. आधी गुडघा शेकायचा होता. मग खांदा. मग शेकायला काही उरलं नाही तेव्हा तो सरळ म्हणाला, "आज नको गं, उद्या पूल वाचवायचाय." आणि दुसऱ्या दिवशी त्याला खरोखरच पूल वाचवायचा होता, त्यामुळे तिला धड भांडताही येईना.

तर सुट्टी झाली. सगळे जेवायला गेले. डुप्लिकेट वरच राहिला.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. सेटवर वादळवीराचा एक रबरी पुतळा होता, हुबेहूब तोच पोशाख घातलेला. दिवे लावताना दोराला पुतळा टांगत, आणि खरं उड्डाण असलं की त्याला खाली घेऊन डुप्लिकेटला टांगत. डुप्लिकेट कामाचा इतका पक्का, की एकदा मूठ पुढे केली की डोळ्याची पापणी हलवत नसे. पंख्याच्या वाऱ्यात आज त्याला हलकीशी डुलकीही लागली होती. दोराचं यंत्र चालवणारे दोरमास्तर जाताना वर बघून म्हणाले, "पुतळा राहू दे वरच." खाली खुर्चीवर बसलेल्या पुतळ्याला कोणीतरी प्रेमाने विचारलं, "दमलास ना रे?" आणि त्याच्या पुढ्यात डबा ठेवला.

डुप्लिकेटला जाग आली तेव्हा सेटवर चिटपाखरू नव्हतं. फक्त पंखा चालू होता, आणि खाली त्याची बायको उभी होती.

तिला फाटकावर कोणी अडवलं नव्हतं. हातात हत्यारांची पिशवी असली की माणसाला जगात कुठेही जाता येतं.

"आलास का शुद्धीवर?" तिने विचारलं.

"अगं, तू इथे कशी? बरं झालं आलीस. मला खाली घे."

तिने दोराच्या यंत्राभोवती एक फेरी मारली. वाकून पाहिलं. वर गेलेल्या दोराला बोट लावून पाहिलं.

"दोर मजबूत आहे," ती समाधानाने म्हणाली आणि एक खोकं ओढून त्यावर बसली.

"तुला येतं ना हे चालवता?"

"येतं की. आमच्याकडचंच आहे, जरा लहान."

"मग?"

"मग काय? पाटी वाच. 'अनधिकृत व्यक्तीने हात लावू नये.'"

"तू कधीपासून पाट्या वाचायला लागलीस?"

"आजपासून," ती म्हणाली. "आपल्याला बोलायचंय."

डुप्लिकेटने सवयीने कान टवकारले. कुठेही स्फोट झाला नाही.

"मी होय म्हणू की नाही?" तिने विचारलं. "एका शब्दात सांग, मी लगेच जाते."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मला माहीत आहे. मला ते काम हवंय. तुला काय वाटतं ते विचारायला मी दोन बस बदलून आलेय. माझ्याकडे बघून बोल."

"बघतोच आहे."

"नाहीयेस! पाठ फिरवतोयस."

"मी नाही फिरवत, दोर फिरतोय!"

हे खरं होतं. पंख्याच्या वाऱ्याने वादळवीर हळूहळू, मोठ्या दिमाखात, गोल फिरत होता. बायको उठून त्याच्या तोंडासमोर यायला चालू लागली. ती समोर पोचेपर्यंत मूठ आणखी पुढे गेलेली असायची. असे दोघे एकमेकांच्या मागे फेऱ्या मारत राहिले, तो वरून, ती खालून.

"तू घरी पण असंच करतोस," ती धापा टाकत म्हणाली. "फक्त तिथे पंखा नसतो."

"मी कुठे काय करतो?"

"तेच! काहीच करत नाहीस. बाहेर आगीत उड्या मारतोस आणि घरी साधा विषय निघाला की शेक घेत बसतोस. जाऊ नको म्हणायचंय का तुला? म्हण. मी भांडेन, पण ऐकेन. जा म्हणायचंय? मग तेही म्हण. मला हे असं अधांतरी ठेवू नकोस."

"अधांतरी मी आहे," डुप्लिकेट म्हणाला.

हा विनोद तिला अजिबात आवडला नाही, हे त्याला तिच्याकडे पाठ असूनही कळलं. मग केपला एक हिसका बसला आणि तो फिरायचा थांबला. केपचं लोंबतं टोक तिने टाचा उंचावून पकडलं होतं. हळूच ओढून तिने त्याला तोंडासमोर आणलं आणि टोक तसंच धरून ठेवलं.

आता मात्र डुप्लिकेटची खरी पंचाईत झाली. समोर बायको, खाली वीस फूट, मागे छत. शेकायला काही नाही. पुतळा खुर्चीवरून टक लावून बघतो आहे.

"मला मीठ सापडत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"घरात. मीठ कुठे असतं ते मला माहीत नाही. गॅसवाल्याचा नंबर कुठे आहे, पंप कधी बंद करायचा, खालच्या काकूंशी आपलं बोलणं चालू आहे की बंद आहे, मला काही माहीत नाही. तू गेलीस की मी त्या घरात पाहुण्यासारखा होईन. आणि तू तिकडे इतकी रमशील, की शुक्रवारी गाडी पकडायची तुला आठवण राहणार नाही. हे बोलायची भीती वाटत होती. आगीची नाही वाटत. आगीसाठी जाकीट देतात."

तिने केपचं टोक दुसऱ्या हातात घेतलं.

"मीठ लग्नापासून एकाच डब्यात आहे," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"ज्याच्यावर 'मीठ' लिहिलंय त्या."

तो हसला. आडव्या माणसाला हसू आवरत नाही. तो दोरावर पाळण्यासारखा झुलू लागला, आणि ती टोक धरून त्याच्याबरोबर पुढे-मागे चालू लागली.

"काकूंशी बोलणं?"

"बंद आहे. पण हसायचं."

"मग जा तू," तो म्हणाला. "होय म्हणून कळव. या शुक्रवारी तू ये, पुढच्या शुक्रवारी मी येईन. मला गाडीत झोप छान लागते."

"तुला कुठेही लागते," ती म्हणाली. तिने खिशातून फोन काढला, एका हाताने होय कळवलं, आणि मग पाटीकडे ढुंकूनही न पाहता दांडा ओढून नवऱ्याला अलगद जमिनीवर उतरवलं.

तेवढ्यात रंगवलेल्या गगनचुंबी इमारतीमागून नाक ओढल्याचा आवाज आला. तिथे दिग्दर्शिका आणि लेखक उभे होते. खुर्चीवरचा 'डुप्लिकेट' डब्याला हातही लावत नाही हे जाताना पाहिल्यामुळे दिग्दर्शिका त्याची, म्हणजे पुतळ्याची, समजूत घालायला लवकर परतली होती, आणि वर बघून जागच्या जागी थिजली होती.

"तो फिरत होता तेव्हा मला हसू येत होतं," ती लेखकाला म्हणाली, "आणि तिने टोक धरलं तेव्हा मी रुमाल शोधायला लागले. तो उडतच होता रे! खाली उतरलाही नव्हता, आणि तरी घरी आला!"

"मग पूल?" लेखकाने विचारलं.

"पडू दे."

त्याच आठवड्यात नवा प्रसंग घेतला. वादळवीर शहर वाचवायला झेप घेतो, खिडकीतून त्याची बायको केपचं टोक पकडते, आणि तो हवेतल्या हवेत, मूठ पुढे ठेवूनच, मनातलं सांगतो. तोंड खऱ्या हिरोचं, बाकी सगळा डुप्लिकेट. नायिकेने डुप्लिकेटच्या बायकोला मुद्दाम फोन करून विचारलं, की टोक नेमकं धरायचं कसं. ती म्हणाली, "सोडायचं नाही, पण खेचायचंही नाही. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाचा हात धरतो ना, तसं." पुढच्या वेळी लोकांना दाखवलं तेव्हा पाणी प्यायला कोणी उठलं नाही. एकाचा मोबाइल वाजला तर बाकीच्यांनी त्यालाच बाहेर काढलं.

डुप्लिकेटला सिनेमा कंपनीची समज मिळाली ती सुट्टीत विनापरवाना लटकल्याबद्दल. खुलासा मागवला होता. बायको सोमवारी पहाटेच्या गाडीने गेली होती. त्याने मिठाचा डबा समोर ठेवला आणि लिहिलं:

"मा. सुरक्षा विभागप्रमुख यांस, सविनय सादर. घडला प्रकार मान्य आहे. तरी अर्जदाराची नम्र विनंती, की दर पंधरवड्यास एकदा, जेवणाच्या सुट्टीत, अर्जदारास वीस फूट उंचीवर विसरून जाण्यात यावे. अर्जदाराच्या पत्नीस हत्यारांच्या पिशवीसह प्रवेश देण्यात यावा. पंखा मध्यम वेगावर ठेवण्यात यावा. आणि सदर काळात शहरातील कोणताही पूल पडणार नाही, याची संबंधित खात्याने लेखी हमी द्यावी."