एका सिगरेटीचा सरस

सुतारमिस्त्रीच्या कारखान्यात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे. तिथलं माप सिगरेटीचं. सांध्याला सरस लावला की एक सिगरेट थांबायचं, मग जोडायचं. भेगेतली पुट्टी अर्धीत सुके. गिऱ्हाइकाला "थोटूकभर बसा" म्हटलं की तेही निमूट बसे. आणि माप बिनचूक. हवा दमट असली की सरस रेंगाळतो, सिगरेटही रेंगाळते. घड्याळाला मेल्याला हवेतलं काय कळतंय?

मग मिस्त्रीचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याची छाती तपासली. "अजून काही बिघडलेलं नाही. पण यापुढे एक जरी ओढलीत, तर पुन्हा असं सांगता येईलच असं नाही."

मिस्त्रीने पाकीट त्याच पावली गटारात टाकलं आणि बेकरीवाल्याची खुर्ची सरसाची वेळ घड्याळात बघून केली. बेकरीवाला म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा गृहस्थ. तो टेकला मात्र, खुर्चीचे चार पाय चार दिशांना पांगले. त्या हादऱ्याने पलीकडच्या गल्लीतली झोपलेली पोरं उठून बसली म्हणतात.

"दुसरी करून द्या," बेकरीवाला भुसा झटकत म्हणाला. "तीही मोडली तर आपला रामराम."

मिस्त्रीने नवे सांधे मांडले, सरस लावला आणि डबा घेऊन आलेल्या बायकोला म्हणाला, "एकच ओढतो. मापापुरती."

"ओढा की. दारुडाही मापानंच पितो." एवढं बोलून ती थांबली असती तर ती मिस्त्रीची बायको कसली? नळ गळतोय, नणंदबाई चार दिवसांसाठी येऊन महिना राहतात, जिने चढून गुडघ्यांचं भरीत झालंय. मिस्त्री खाली मान घालून ऐकत राहिला. सिगरेट आणायला उठायचीही सोय नव्हती. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्याने सरसाला बोट लावून पाहिलं. जोडायला अगदी बेताचा.

दुसऱ्या दिवशी कोरडं ऊन पडलं. बायकोचं गाऱ्हाणं लवकर आटपलं, सरसही तयार.

"आज थोडक्यात उरकलंस?"

"गुडघे बरे आहेत आज."

मिस्त्रीच्या डोक्यात उजेड पडला. हवा ओली की गुडघे धरतात, गुडघे धरले की गाऱ्हाणं लांबतं. पुट्टीला तर नुसत्या नणंदबाई पुरल्या.

खुर्ची झाली. बेकरीवाला आधी हाताने दाबून बघता झाला, मग देवाचं नाव घेऊन टेकला. मिस्त्रीने डोळे मिटले. कुरकूर नाही की करकर नाही. डोळे उघडले तर बेकरीवाला मागे रेलून पाय हलवत होता.

"अशाच सहा करा," तो म्हणाला.

मिस्त्रीने छातीभर श्वास घेतला; खोकला आलाच नाही.

"सहा?" बायको म्हणाली. "एवढ्या तक्रारी आणू कुठून?"

"मी आहे ना," मिस्त्री म्हणाला.