मैमुनाबीच्या माशांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी, तडा गेलेली काचेची टाकी आहे. माझी चौकट लोखंडी आणि तळ काळ्या फरशीचा. रंगूनच्या एका कारागिराने मला घडवले. आगबोटीवर खलाशी असलेल्या वजीरने १९२९ साली मला विकत घेतले आणि बरणीतल्या सहा तांबूस माशांसह रत्नागिरीला आपल्या आईकडे आणले. त्याची आई मैमुनाबी घरात एकटीच असे. “मी नसलो की यांच्याशी बोलत जा,” असे तिला सांगून तो पुन्हा बोटीवर गेला.

मला शोभा यावी म्हणून मैमुनाबीने किनाऱ्यावरची पांढरी वाळू धुऊन माझ्या तळाशी पसरली. त्यात ओढ्यातली पाणवेल लावली आणि विहिरीचे पाणी भरले. आळीतल्या बायका मला पाहायला येत, तेव्हा मी अभिमानाने चकाकत असे.

पण पाणवेल पिवळी पडत गेली. मासे कोपऱ्यात गोळा होऊन नुसते धापा टाकू लागले. वर्षभरात दोन मेले. त्यानंतर रंगूनहून पत्र आले. वजीर तिथे तापाने गेला होता. मैमुनाबी मग दिवसभर माझ्यासमोर बसून राही.

शेजारी भिकाजी मास्तर राहत. ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. एके सकाळी मैमुनाबी त्यांना घेऊन आली. “मास्तर, माज्या वजीरची निशानी हाय ही. वाचवा.”

मास्तरांनी लाल लिटमस कागद विहिरीच्या पाण्यात बुडवला. तो लालच राहिला. माझ्या पाण्यात मात्र निळा झाला. मग त्यांनी चिमूटभर वाळूवर लिंबू पिळले, तशी ती फसफसली.

“ही अर्धी शिंपल्यांची भुकटी आहे, बी. तिच्यातला चुना पाण्यात उतरतोय. या माशांना किंचित आंबट पाणी लागतं. कातळावरच्या तळीत पानं कुजून काळा गाळ झालाय. तो खाली घालू, वर नदीची खडी.”

“सगला एकदम बदलायचा? थोडा थोडा करू या. बिचारे घाबरतील.”

“आणि तोवर त्यांना चुन्यात ठेवायचं? आजच बदलू.”

दुपारपर्यंत वाळू, पाणी, सगळे बदलले. संध्याकाळी तीन मासे आडवे झाले. चौथा सकाळपर्यंत तडफडला. मास्तरांनी निळा कागद बुडवला. तो लाल झाला. पाणी हवे तसे आंबट झाले होते; उपाय अचूक होता.

मास्तरांनी कागद खाली ठेवला. “माझं चुकलं, बी. हळूहळू बदलायला हवं होतं. मला ठाऊक होतं.”

“तुमचा इल्म खरा होता, मास्तर,” मैमुनाबी म्हणाली. “पन तुमी माजा आयकला नाय.”

त्या गाळात पाणवेल अशी फोफावली, की काचेतून पलीकडचे दिसेना. मैमुनाबीने मासे पुन्हा आणले नाहीत. तरी रोज सकाळी ती भाताची दोन शिते घेऊन येई, हात वर उचली आणि तसाच खाली घेई. चार वर्षांनी तीही गेली. मला लोकांनी परसात, लाकडांच्या ढिगाआड टाकले. तिथे उन्हापावसात माझी काच तडकली.

मित्रांनो, मुक्या जिवाचे पाणी बदलायचेच झाले, तर वाटीवाटीने बदला. आणि त्या जिवाला रोज जवळून पाहणारे माणूस ‘थांबा’ म्हणाले, तर थांबा.