ओतोनिएलच्या नावाचा मासा

बोट नदीच्या मुखातल्या मराजो बेटाच्या धक्क्याला लागली, तरी इरासीबाईंचा पाय उचलेना. बेलेम शहरातल्या संग्रहालयात त्यांनी जन्मभर माशांच्या जाती ठरवल्या होत्या आणि आज त्यांतली एक चुकली म्हणून परत घ्यायची होती. तीही ज्याच्या नावाची, त्याच्याच घरी जाऊन. निरोप धाडून भागलं असतं, पण तोंड लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तरुणपणी त्यांना तमुआता आणून देणारा कोळी म्हणजे ओतोनिएल. तमुआता हा दलदलीतला मासा, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत घालून फिरणारा. पाणी चढलं की तो गवताचं, फेसाचं घरटं बांधतो. बेटावरची रीत अशी, की घरट्याखाली अलगद हात घालायचा. राखणीला बसलेला मासा पळत नाही, आयता हाती लागतो. ओतोनिएलने आणलेल्यांच्या कल्ल्यांमागचे काटे जाड, लालसर, वर वळलेले होते. बाईंनी हरखून जाऊन वेगळी जात ठरवली आणि तिला त्याचं नाव दिलं. पठ्ठ्याने ते होडीवर रंगवून घेतलं.

बाई घरी पोचल्या, तेव्हा ओतोनिएलने तुकुपीच्या आंबट रस्स्यात तमुआताच शिजवला होता.

"जेवा हो बाई, घरचाच माणूस आहे ताटात!"

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. "दादा, ती वेगळी जात नाही हो. साधाच तमुआता आहे, विणीच्या दिवसांतला नर. तेव्हा त्याचे काटे तसे होतात. तुम्ही घरट्यातलेच आणलेत, म्हणून सगळे नर आले. मी ताडून बघायला हवं होतं."

"म्हणजे माझं नाव गेलं?"

"रद्द झालेल्या नावांच्या यादीत राहील. पण त्या नावानं त्याला कुणी ओळखणार नाही."

ओतोनिएलने ताट सारलं. "धक्क्यावर मला मासेसाहेब म्हणतात. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हाताऱ्याचे डोळे भरले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सारलेल्या ताटातल्या माशाकडे बघत तो म्हणाला, "घरट्यात आई बसते, असंच समजत होतो आम्ही."

"आई अंडी घालून निघून जाते. बाप बसतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत हलत नाही."

स्वयंपाकघरातून त्याची लेक बाहेर आली; लुसिवाने तिचं नाव. ती झोळीत असतानाच तिची आई बेलेमच्या बोटीत बसली, ती परत फिरली नाही. लांबची मासेमारी सोडून ओतोनिएलनेच तिला वाढवली. "काय गं आई, पेज झाली का?" म्हणून कोळी त्याला चिडवायचे, आणि तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा.

"काय झालं, बाबा?"

"आपला मासा बुडाला, पोरी. वेगळा नव्हता म्हणे. नुसता बाप होता, पोरं राखत बसलेला."

लेक झग्याला हात पुसत त्याच्याजवळ बसली. "मग त्याला तुमचं नाव दिलं, त्यात चुकलं काय?"

शास्त्रातलं उत्तर इरासीबाईंच्या ओठांवर आलं होतं. ते तिथंच ठेवून त्यांनी ताट पुढे ओढलं आणि घास उचलला.