माझी शेवटची सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि मी रागावलेली आहे. खरं तर राग आधी सांगायला हवा होता. पण आत्मवृत्ताची सुरुवात वयापासून करायची पद्धत आहे. पद्धत मोडून मला कुठे जायचंय?

माझा जन्म एका छापखान्यात झाला. बांधणी करणाऱ्याचं त्या दिवशी सुनेशी वाजलं होतं. त्या तंद्रीत माझ्या शेवटच्या फर्म्याच्या, म्हणजे शेवटच्या सोळा पानांच्या, वरच्या कडा कापायच्या राहिल्या. पानं जोडीजोडीने वरून जोडलेलीच राहिली. हे लक्षात ठेवा. मी उगाच काही सांगत नाही, आधीच खुणा पेरून ठेवणं हा कादंबरीचा धंदाच आहे.

माझ्यात एका नावाड्याच्या घराची गोष्ट आहे. थोरला भाऊ तापट, रोज दारात बसून सुरीला धार लावणारा. धाकटा गरीब स्वभावाचा. आणि एक गोड बोलणारे काका. माझ्या लेखकाने माझ्यात भीती अशी पेरली की वाचणाऱ्याला ती दिसू नये, नुसती पाठीवरून सरकावी. नदी चढत जाते. कुत्रं भुंकायचं थांबतं. काका विचारतात, "नावेची गाठ पक्की आहे ना?" बस, एवढंच.

एका कॉलेजच्या वाचनालयात माझी पहिली काही वर्षं मजेत गेली. वाचणारे शेवटाआधीच भिऊन मला मिटायचे. मग मी अभ्यासक्रमाला लागले आणि माझे दिवस भरले. दरवर्षी एकच प्रश्न, दहा गुणांचा: 'शेवटच्या प्रकरणांतील धोक्याच्या पूर्वखुणा स्पष्ट करा.' त्यासाठी बाजारात एक मार्गदर्शक आलं. सुरी हे हिंसेचे प्रतीक, थोरला धाकट्याला मारतो, असं त्यात छापलं होतं. ते लिहिणाऱ्याने मला वाचलं नव्हतं. त्याला घाई होती. मुलं तेच माझ्या समासात उतरवू लागली. बाराव्या पानावर थोरला नुसता जेवायला बसलाय, बिचाऱ्याने अजून पहिला घासही घेतला नाही, आणि शेजारी लाल पेन्सिलीने लिहिलंय, 'हाच खुनी.'

मला घरी नेताना मागच्या खिशातल्या कार्डावर सही करावी लागे. एक हुशार विद्यार्थी सहीखाली चाबकासारखी लांब शेपटी ओढायचा. परीक्षेच्या तोंडावर त्याने मला नेलं. परत आले तेव्हा मी हलकी झाले होते. शेवटची सोळा पानं ब्लेडने शिवणीलगत कापली होती, अगदी सरळ रेषेत. हात स्वच्छ होता, ते मान्य करते. बाकीच्यांना ती मिळू नयेत एवढाच हेतू. पुढे माझ्यावर 'खराब प्रत, घरी देऊ नये' असा शिक्का बसला. खराबी करणारा पहिला आला.

तीस वर्षं मी तशीच बसले. मग शिंप्याची मुलगी आली.

"बाई, याचा शेवट कुठंय?" तिने ग्रंथपालबाईंना विचारलं.

"नाही गं त्याला शेवट. तो मार्गदर्शकात वाच."

"तो वाचला. तो या पुस्तकाचा वाटत नाही."

मित्रांनो, तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल कुणीतरी शहाणपणाचं बोललं.

ती आठ दुपारी मला घेऊन बसली. समासातली बडबड तिने पट्टीखाली झाकली. नंतर परीक्षेत तिने लिहिलं: 'धोका थोरल्याकडून नाही. तो सगळ्यांसमोर धार लावतो. काका गाठीबद्दल तीनदा विचारतात. माझे वडील गाठ एकदा ओढून बघतात आणि विसरतात. जो पुन्हा पुन्हा विचारतो त्याला ती सुटायला हवी असते.'

मला वर्गात शिकवणाऱ्या सरांनी दहापैकी शून्य दिलं. खाली लाल शेरा: 'शेवट न वाचता लिहिलेले उत्तर.' त्या शून्याने ती विषयात नापास झाली. वर्ष जाणार होतं. फेरतपासणीला तीन दिवस होते.

ती उत्तरपत्रिका घेऊन वाचनालयात आली, मला उघडून बसली आणि चाळता चाळता मागच्या खिशातलं कार्ड तिच्या हाती आलं. शेवटची सही. तिने कार्ड लाल शेऱ्याखालच्या सहीशेजारी धरलं. दोन्हीकडे तोच चाबूक.

तिने दोन्ही कागद बाईंपुढे ठेवले.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "तू बस. सरांना निरोप धाडते. म्हणावं, तुमच्या नावावर तीस वर्षांपूर्वीची सोळा पानं थकलीत."

सर आले, कार्ड पाहिलं, घसा खाकरला. "तेव्हा झेरॉक्सची सोय नव्हती, बाई."

"ब्लेडची होती वाटतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पिवळा पडलेला लिफाफा आणला. माझी पानं बाहेर आली. वरच्या कडा जोडलेल्या. जशा छापखान्यात राहिल्या, तशाच.

"सर, ही तर उघडलेलीच नाहीत," बाई म्हणाल्या.

"मार्गदर्शकातलं लिहून पैकीच्या पैकी मिळाले," सर हळूच म्हणाले. "मग राहूनच गेलं."

इथे मला राग आवरत नाही. चोरलं ते चोरलं, निदान वाचायचं तरी. हा माणूस इतकी वर्षं माझा शेवट शिकवतोय.

मुलीने स्टीलची पट्टी घेऊन एकेक जोडी सोडवली आणि मोठ्याने वाचू लागली. नदी चढली. काकांनी चौथ्यांदा गाठीची चौकशी केली. तेव्हा उभे असलेले सर स्टुलावर बसले. मग गाठ सुटली, धाकटा दोरात गुरफटून पाण्याखाली गेला, आणि थोरल्याने सुरीने दोर कापला. रोज धार लावली होती ती त्यासाठी. मुलीचा एक अंदाज मात्र चुकला. कोणता, ते सांगणार नाही. सोळा पानं आहेत, वाचा.

सरांनी लाल पेनाने आपलाच शेरा खोडला. पेन गुणांवर धरून ते थांबले.

"किती देऊ?"

"उत्तर वाचून द्या, सर," मुलगी म्हणाली.

आणि ते खरंच वाचू लागले, पहिल्या ओळीपासून. मी त्यांना माफ केलेलं नाही. माझी पानं आता खळीने चिकटवली आहेत, थोडी वाकडी बसलीत. मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा ब्लेड आणि पेन्सिल घरी ठेवा. आणि घाबरायची पाळी आली, तर आपलं आपण घाबरा.