भाईंची दोन मिनिटं

माझी पहिली नात मोनाली, तिचं नाव ठेवलं ते २००४ साल. वणीत आमच्या घरी पाळणा बांधला होता आणि दारातल्या कडुलिंबावर दोन भोंगे. भोंगे अय्यूबभाईंचे, फुकट. त्यांच्या ‘आरिफा साउंड सर्व्हिस’मध्ये मी सव्वीस वर्षं कामाला होतो. मी झाडावर चढून भोंगा बांधायचो आणि भाई खालून ओरडून तो कुठं फिरवायचा ते सांगायचे. त्याच महिन्यात ते खासदार झाले.

झालं असं, की दोन मोठे पुढारी उमेदवारीसाठी भांडले. तडजोडीला तिसरा माणूस हवा होता. भाईंनी सगळ्या पक्षांच्या सभा लावल्या होत्या आणि कोणाचाच माईक कधी मुद्दाम बंद पाडला नव्हता. एवढ्या गुणावर ते निवडून आले. स्वतः मात्र माईकवर ‘हॅलो, एक, दोन, तीन’ याच्यापुढे कधी बोलले नव्हते.

दिवाळीनंतर कापूस आला, पण वणीचं सरकारी खरेदी केंद्र काही उघडेना. व्यापारी पडेल भावानं मागत होते. बाजार समितीच्या आवारात बैलबंड्यांची रांग लागली. त्यात हंसाबाई नावाच्या शेतकरणीच्या दोन होत्या. आठ दिवसांपासून ती तिथंच चूल मांडून होती. दिल्लीला निघालेल्या भाईंना तिनं रस्त्यातच अडवलं.

“काहून भाऊ, जिंदगीभर दुसऱ्याचेच भोंगे वाजवले. आता आपला वाजवतं का नाही?”

“वाजवतो ना बाई. दोन मिनिटं भेटले मले बोलायले.”

“दोन मिनिटांत तं माहा चहाबी होत नाही!”

“केंद्र नाही उघडलं, तं तुह्या बंड्या मी सोता वढीन.”

“वढजो. बैलायले तेवढीच सुट्टी.”

भाई लोकसभेत बोलणार त्या दिवशी मी दुकानातल्या टीव्हीला आपला अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि आवाज चौकातल्या भोंग्यात सोडला. अर्धी वणी जमली. हंसाबाई सगळ्यांच्या पुढं बसली.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. भाई उठले आणि त्यांनी माईकवर टिचकी मारली. “हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. पीछे तक आवाज आ रही है क्या?”

सभागृह हसायला लागलं. मागून कोणीतरी ओरडलं, “नहीं आ रही!” भाईंना ते खरंच वाटलं. त्यांनी माईकची मान वाकवली, फुंकर मारली, पुन्हा टिचकी मारली. मी कपाळाला हात लावला.

हंसाबाई मला म्हणाली, “डोमाजी, हा माणूस भाषण करून राह्यला का सभा लावून राह्यला?”

मग भाईंनी चष्मा काढला, कागद उघडला. “अध्यक्ष महोदय, मैं वणी से...” तेवढ्यात घंटी वाजली. दोन मिनिटं संपली आणि माईक बंद झाला. अध्यक्षांनी पुढचं नाव घेतलं. भाईंचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. चौकात हंसाबाई उठून उभी राहिली.

भाईंनी माईककडे एकदा पाहिलं. सभेत लाईट गेली की ते असंच पाहायचे. त्यांनी कागद खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि झाडावरच्या मला हाक द्यावी तसे ओरडले, “मंत्रीजी! वणी का कपास केंद्र बंद है! हंसाबाई आठ दिन से बंडी के नीचे सो रही है! चालू कब करते, बोलो!”

शेजारचा खासदार बोलायला उठला होता, त्याचा माईक नुकताच चालू झाला होता. भाईंचा आवाज त्याच्यात शिरला आणि आमच्या चौकातल्या भोंग्यातून बाहेर पडला. तारेवरचे कावळे उडाले.

मंत्री हसू दाबत उठले. “सोमवार से चालू करवाता हूँ। आप बैठिए, माइक बच जाएगा।”

सोमवारी केंद्र उघडलं. हंसाबाईचा कापूस पहिला मोजला. भाई तिथं आलेच होते. ती म्हणाली, “भाऊ, बंडी आता रिकामी हाय. वढायले सोपी.” आणि खासदारांनी पांढऱ्या कुर्त्यानिशी ती फाटकापर्यंत खरंच ओढली.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन वायर गुंडाळत बसले. म्हणाले, “डोमाजी, दिल्लीचा माईक चांगला हाय, पण बटन दुसऱ्याच्या हातात हाय.”

त्यांच्या शोकसभेचा माईक मीच लावला. टिचकी मारून ‘एक, दोन, तीन’ म्हटलं, तर रडणारेसुद्धा हसले. मागून हंसाबाई ओरडली, “येते आवाज!”

अय्यूबभाई १७ फेब्रुवारी २०१९ ला, रविवारी सकाळी, वणीत आपल्या घरी वारले.