मधला रकाना

भालचंद्र सरांनी फ्रेंच भाषणाचा शेवटचा कागद खाली ठेवला आणि पाहुण्या बाईंकडे पाहून किंचित मान झुकवली. लोणारच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. फ्रेंच कुणाला कळत नव्हतं, म्हणून टाळ्या जास्तच मनापासून होत्या.

तळ्याचा दगड तपासायला आलेल्या त्या साठीच्या फ्रेंच बाई हसल्या आणि भरभर काहीतरी म्हणाल्या. सरांना एक अक्षर कळलं नाही.

"सर, बाई काय म्हणून राह्यल्या?" संस्थेचे सचिव भगवंतराव पुढे वाकले.

"तळ्याचं कौतुक करताहेत," सर म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून महामाया उठली आणि बाईंना पाण्याची बाटली देऊन आली. बाईंनी घटाघटा अर्धी बाटली संपवली. भगवंतरावांनी आधी बाटलीकडे, मग सरांकडे पाहिलं, आणि ते पाहणं सरांना झोंबलं.

महामाया सुलतानपूरची. तळ्यावर येणाऱ्या परदेशी लोकांना वाट दाखवायची, आणि त्यांच्याशी बोलून अन् मोबाईलवर ऐकून फ्रेंच शिकलेली. बाईंशी तिच्या गप्पा अशा रंगल्या होत्या, जशा आठवडी बाजारात दोन मावसबहिणी भेटाव्यात. सरांचा नुसता जळफळाट चालला होता. बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून, पुण्याहून टपालानं येणाऱ्या धड्यांवर त्यांनी फ्रेंच कमावलं होतं. गावात "फ्रेंचवाले सर" म्हटलं की पोस्टमन थेट त्यांच्या दाराशी येई. आज ते नाव एका दुपारीत हातचं जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

सहा वर्षांपूर्वी हीच पोरगी शिकवा म्हणून त्यांच्या ओट्यावर येऊन उभी राहिली होती. सरांनी तिला आत बोलावलं नाही. आपल्या वहीतलं सगळ्यात अवघड पान काढून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, हे पाठ झालं की ये. ते पान होतं 'व्हेनीर', म्हणजे येणे, या क्रियापदाचं. रूपंही अशा काळाची की खुद्द फ्रान्समध्ये आता ती कुणी बोलत नाही. जुन्या पुस्तकांत तेवढी उरली आहेत. पोरगी पुन्हा फिरकली नाही, असं सर नंतर चारचौघांत हसून सांगत.

चहा आला. सरांनी बशीत चहा ओतला, पण बशी तोंडाला लावली नाही.

"महामाया, बोलतेस चांगलं," ते बाईंच्या देखत म्हणाले. "पण पाया हवा. त्या पानाचं काय झालं? येतं काही?"

भगवंतराव कान टवकारून बसले. हिची फजिती व्हावी, एवढं एकच सरांच्या मनात होतं.

"येते सर," ती म्हणाली. कप खाली ठेवून तिनं डावा हात उघडा केला आणि अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत सुरू केलं.

"कील फ्यू व्हन्यू."

मग ती थांबली. तोंड बंद, पण अंगठ्यानं पुढच्या पेरावर एक मुका ठोका दिला. मग, "कील फ्यूस व्हन्यू."

सरांची बशी कलली.

तिनं 'तो' आणि 'ते' यांची रूपं आधी म्हटली होती. फ्रेंच शिकवणारं जगातलं कुठलंही पुस्तक 'मी'पासून सुरू होतं. 'तो'पासून सुरू करायचे ते एकटे सर, कारण संस्कृत तसंच पाठ केलं होतं. संस्कृतात एकाचं रूप वेगळं, दोघांचं वेगळं, अनेकांचं वेगळं. सरांनी फ्रेंचलाही सवयीनं तीन रकाने आखले होते. फ्रेंचमध्ये दोघांचं वेगळं रूपच नाही हे कळायला त्यांना दोन महिने लागले, आणि तोवर अख्खी वही आखून झाली होती. मधला रकाना कोरा राहिला. घोकताना तिथं ते एक मुका ठोका देत, नाहीतर ठेका चुकायचा.

महामाया म्हणत गेली. एक रूप, एक ठोका, एक रूप. सहाही रूपं बिनचूक. सरांना हेवा वाटायला हवा होता, आणि वाटतही होता, पण त्याच्या खालून दुसरंच काही वर येत होतं.

"हा मधे ठोका कशाला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या पानावर मधला रकाना कोरा व्हता ना सर. तो काऊन कोरा, तेच इचाराले आली व्हती मी घरी. तीनदा." ती सहज बोलत होती. "काकू म्हणल्या, सर दुपारचे झोपले. मंग म्हटलं, असन काही. तसाच पाठ केला."

सर उभ्या आयुष्यात दुपारी झोपले नव्हते. तिन्ही वेळा खिडकीच्या पडद्याआडून तिला पाहून, "झोपलेत म्हणून सांग," असं बायकोला, चारुलताला, त्यांनीच हळू आवाजात सांगितलं होतं.

फ्रेंच बाईंना त्या ठोक्यांची मोठी मौज वाटली. त्यांनी महामायाच्या बोटांकडे बघत काहीतरी विचारलं. या वेळी त्या सावकाश बोलल्या. हे असं तुला कुणी शिकवलं?

महामायानं सरांकडे हात केला.

"मों प्रोफेसर," ती म्हणाली. माझे सर.

बाई उठल्या आणि सरांसमोर येऊन त्यांनी दोन्ही हात जोडले. मग त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलल्या. तुम्ही भाग्यवान आहात, अशी विद्यार्थिनी मला मिळाली नाही.

"सर, काय म्हणल्या?" भगवंतरावांनी विचारलं.

सरांना शब्द न् शब्द कळला होता.

"नाही कळलं," ते म्हणाले, आणि कललेल्या बशीतून सांडलेला चहा रुमालानं टिपू लागले.