नावेतला आवाज

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत, आणि तिला त्याचं काही वाईट वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापांवर ती कवळ्या घडवायची. मेण लावायचं, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आमच्या हिच्या हातचं आहे, असं तिचा नवरा पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायचा.

त्या वर्षी तिची नणंद परदेशातून सुट्टीला आली. नणंदेला घरात भुंगा म्हणत, कारण लहानपणापासून तिचं तोंड म्हणून बंद नसे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता तिनं जाहीर केलं, "वहिनी, या खेपेला मला हे शहर पाहुण्यासारखं बघायचंय. सकाळी तुमच्यासारखं हिंडायचं आणि दुपारी टोपी घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून."

"बघायचंय काय त्यात? मनोरा मी रोज बघते. बसच्या खिडकीतून."

"वर चढलीस कधी?"

"वर काय ठेवलंय माझं?"

"बघ! जन्म गेला इथं आणि वर चढली नाही." भुंगा हसली. मग आवाज एकदम खाली आणत तिनं विचारलं, "बाबांना नेऊ या बरोबर?"

बाबा समोरच खुर्चीत बसले होते. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पेपर वर केला.

बाबा बोलत नसत. जन्मभर रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणारा हा माणूस. एके काळी त्यांचा आवाज ऐकला नाही असं कुणी या शहरात सापडलं नसतं. पण तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि बाबांचा शब्दच बंद झाला. कवळीवालीनं त्यांना घशाच्या डॉक्टरकडे नेलं, डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. घसा ठणठणीत, मेंदू ठणठणीत. "धक्का बसलाय, वेळ द्या," एवढंच सगळे म्हणाले. मग नवऱ्यानं घरापुरता नियम केला, बाबांसमोर आईचा विषय काढायचा नाही. आईचा फोटो माळ्यावर गेला, तिचं शिवणयंत्र कुणाला तरी देऊन टाकलं, तिची उशीसुद्धा काढली. घरातले सगळे पावलं न वाजवता चालायला लागले. खाणाखुणा करून बाबांना जेवायला बोलवायचं, खाणाखुणा करून औषध द्यायचं. जेवण झालं की बाबा टोपी घालून बाहेर पडत ते दिवेलागणीला परत येत. बागेत बसत असणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं, कारण शेजारच्या काकूंनी एकदा त्यांना तिथल्या बाकावर पाहिलं होतं.

तर दोघी निघाल्या. सकाळी कवळीवालीच्या मर्जीप्रमाणे, म्हणजे कापडबाजारात. भुंगानं तिथे प्रत्येक गठ्ठा उलगडायला लावला आणि काही घेतलं नाही. दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, पुढल्या वेळी दुकानच घेऊन जा." मग चपलांची गल्ली, मग पक्षी विकणाऱ्यांचा चौक. तिथे भुंगा एका पोपटाशी इतकं बोलली की शेवटी तो पोपट तिच्याकडे पाठ फिरवून बसला.

दुपारी मनोरा. कवळीवाली वर पोचली तेव्हा तिचे गुडघे बोलत होते, पण खाली पाहिलं आणि ती गुडघे विसरली. एवढं मोठं आहे हे? आपली गल्ली यात कुठे? ती कवळ्या घडवायची त्या प्रयोगशाळेचं छप्पर तिला सापडलं, घर काही सापडेना. जिथे आपला संसार चाललाय ती जागा वरून बोटभरसुद्धा दिसू नये, याची तिला गंमतही वाटली आणि थोडी भीतीही. त्यानंतर उघड्या टपाची बस झाली. बसमधला मुलगा पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणत होता, आणि "हे चुकीचं आहे" असं कवळीवाली दर वळणावर पुटपुटत होती.

"आता नाव," भुंगा म्हणाली. "नदीतून जुनं शहर दाखवतात. नावेत एक म्हातारा आहे म्हणे, इतकं रंगवून सांगतो की लोक दोन-दोनदा जातात. आमच्या ऑफिसमधली एक जण येऊन गेली गेल्या वर्षी, तिनंच सांगितलं."

त्या पोचल्या तेव्हा नाव सुटायच्या बेतात होती. मागची एकच फळी मोकळी होती. तिथे दाटीवाटीनं बसल्या. पुढे छत्र्या, टोप्या, कॅमेरे, कुणाच्या मांडीवर पोर. नावाड्यानं दोर सोडला, नाव हलली, आणि पुढच्या टोकाकडून आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ही नाव वेळेवर सुटलेली आहे. असं आमच्या स्टेशनवर कधी घडलं नाही, म्हणून मुद्दाम सांगतो."

नावेत हशा उसळला. कवळीवालीही हसली. मग तिचं लक्ष भुंगाकडे गेलं. भुंगाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय गं? मळमळतंय?"

भुंगानं तिचं मनगट धरलं. नखं रुतली. "वहिनी, हा आवाज."

"कसला आवाज?"

"बाबांचा."

"वेडी आहेस का," कवळीवाली म्हणाली. ती अर्धवट उठली आणि टोप्यांच्या वरून पाहू लागली. पुढच्या टोकाला एक म्हातारा पाठमोरा उभा होता. टोपी ओळखीची होती, पण तसल्या टोप्या शहरात हजार असतील. मग म्हातारा वळला, आणि कशावर तरी मोकळेपणी, सगळे दात दाखवून हसला.

ते दात तिनं घडवलेले होते. समोरचा वरचा दात जरासा तिरका. सासूबाईंनीच अडून बसून तो तिरका करायला लावला होता. "सरळ नकोत गं. तोंड उघडलं की माझाच नवरा आहे हे मला कळायला पाहिजे." तशी कवळी जगात दुसरी नव्हती.

कवळीवाली मटकन खाली बसली.  तीन वर्षं ती या माणसाशी खुणा करून बोलत होती. त्याच्या ओठांकडे बघत बसायची, आता हलतील, मग हलतील. आणि तो इथे, नदीवर, परक्या लोकांसमोर असा धबधब्यासारखा वाहत होता!

"हा पूल बघा," बाबा सांगत होते. "याच्या तिसऱ्या कमानीखाली आमच्या बाईसाहेबांची चप्पल पाण्यात पडली. लग्नाआधीची गोष्ट. मी आपला शूरवीर, उडी मारली. चप्पल गेली वाहून, आणि मलाच दोन नावाड्यांनी ओढून काढलं. आजसुद्धा टोमणा मारते. सकाळीच म्हणाली, छत्री घेऊन जा, भिजलात तर वाळत घालायला मला जागा नाही."

पुन्हा हशा. एका बाईनं विचारलं, "त्यांना का नाही आणत, आजोबा?"

"नाव लागते हो तिला. पाण्याकडे नुसतं बघितलं तरी चक्कर येते. ती घरी बरी. यंत्रावर बसली असेल आता. आमच्या मुलीचा, भुंगाचा, फ्रॉक शिवतेय."

भुंगा ताडकन उभी राहिली. नाव डुचमळली, पोरं किंचाळली.

"बाबा!"

बाबांचं बोट पुलाकडे तसंच राहिलं. त्यांनी मागे पाहिलं. आधी लेक दिसली, मग सून. कवळीवालीनं त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला. त्यांनी ओठ मिटले. घरी मिटलेले असत, अगदी तसेच.

"आजोबा, ओळखीच्या आहेत का?" नावाड्यानं विचारलं.

 नावेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वल्ह्यांचा तेवढा चुबुक चुबुक आवाज. कवळीवालीच्या डोक्यात संताप उसळत होता, जावं आणि या माणसाला गदगदा हलवावं. पण त्या मिटलेल्या ओठांकडे बघताना तिला दुसरीच धडकी भरली. आत्ता हे इथेही गप्प झाले, तर आता कुठे बोलतील? कुठेच नाही.

तिनं भुंगाला खांदा दाबून खाली बसवलं.  मग मोठ्यानं, अगदी परक्या बाईसारखं तिनं विचारलं, "आजोबा, तो डावीकडचा पिवळा घुमट कसला? बसमधल्या मुलानं तर राजवाडा सांगितला."

बाबा तिच्याकडे बघत राहिले.  मग त्यांनी घसा खाकरला.

"राजवाडा नाही," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. "पाण्याची टाकी आहे ती. बसमधली पोरं काहीही सांगतात. आमच्या लग्नानंतर तिथे..." आणि हळूहळू गोष्ट पुन्हा चालू झाली. लोक सैलावले. भुंगा वहिनीच्या खांद्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती, आणि शेजारच्या गृहस्थांनी तिला ओकारीसाठी पिशवी पुढे केली.

उतरल्यावर नावाडी कौतुकानं सांगू लागला. "पहिल्यांदा नुसते येऊन बसले होते. कुणीतरी पुलाचं विचारलं तर सांगायला लागले. तेव्हापासून रोज येतात. घरी किती बोलत असतील हो!"

दोघींनी माना हलवल्या. 

घरी येताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. एक अक्षर बोलले नाहीत.

नवरा कामावरून आला, तसं कवळीवालीनं त्याला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. आधी तो हसला. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. तो तसाच बाहेर गेला.

"तीन वर्षं, बाबा?" त्याच्या आवाजानं भांडी हादरली असतील. त्या घरात इतक्या मोठ्यानं कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं. "डॉक्टर झाले, औषधं झाली, आम्ही इथे जीव मुठीत धरून चालतोय आणि तुम्ही लोकांना गोष्टी सांगताय? आई जिवंत आहे म्हणून सांगताय? बोला ना! आता का दातखीळ बसली?"

बाबा खुर्चीत बसून होते. 

"अरे, हळू," कवळीवाली म्हणाली.

"का हळू? आई मेलीय! मेलीय आई! सांगा तिकडे जाऊन!"

तो शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. भुंगानं तोंडावर हात धरला. नवऱ्यालाही आपण काय बोललो ते उशिरा कळलं असावं. तो भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

तेव्हा बाबा बोलले.

"केव्हाची मेलीय," ते म्हणाले. "मीच हात धरून बसलो होतो. मला ठाऊक नाही होय?"

 बाबांचाच आवाज, स्टेशनवरचा, त्या लहानशा खोलीत मावत नव्हता.

कवळीवाली त्यांच्यासमोर खाली बसली.  "बाबा, मग माझ्याशीसुद्धा नाही? मी रोज तुमच्यासमोर बसत होते. एक शब्द?"

"काय बोलू?" बाबा म्हणाले. "तिची उशी काढलीत. फोटो काढलात. यंत्र दिलंत. नाव घेतलं की सगळे एकमेकांना डोळ्यांनी दटावायचे. माझ्याजवळ तर तेवढंच होतं बोलायला. दुसरं काय येतं मला? गाड्यांच्या वेळा?" ते थांबले, धाप लागली होती. "तुम्ही सगळे असे दबकत चालायचात, कुजबुजायचात. मला वाटायचं, ती नाही, मीच मेलोय. आणि तुम्ही मला नेण्याची वाट बघत थांबलाय."

 कवळीवालीनं इतकी काळजी घेतली होती! खिचडी मऊ करून दिली, दाराला कापड लावलं आवाज होऊ नये म्हणून. त्या सगळ्याचा त्या माणसाला असा अर्थ लागत होता. तीन वर्षं, रोज.  आता तिचाच शब्द बंद झाला होता.

नवऱ्यानं डोळे पुसले. "आम्ही तुमच्यासाठीच केलं, बाबा."

"ठाऊक आहे रे. म्हणूनच तर काही बोलता येईना."

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. बाबा घरी बोलायला लागले, पण तुटक. कधी दोन दिवस पुन्हा गप्प. नवरा त्यांच्याशी नीट बोलायला बिचकायचा, आणि एकदा दोघांचं कशावरून तरी चांगलंच वाजलं, तेव्हा कवळीवालीला उलट बरं वाटलं. फोटो माळ्यावरून खाली आला. यंत्र काही परत मिळालं नाही, ज्यांना दिलं होतं त्यांनी ते मोडीत काढलं होतं. हे ऐकून बाबांनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर शिवी घातली.

नावेवर ते अजून जातात. भुंगा परत जायच्या आधी सगळं घर मिळून एकदा त्या नावेत बसलं. बाबांनी कुणालाही ओळख दाखवली नाही. तिसऱ्या कमानीपाशी ते चप्पल सांगू लागले, उडी सांगू लागले, आणि मग म्हणाले, "सकाळीच मला म्हणाली..."

नवऱ्याचा हात कवळीवालीच्या हातात होता. तो घट्ट आवळला गेला. आज सकाळी सासूबाई काय म्हणाल्या, ते ऐकायला तीही कान लावून बसली. आजूबाजूचे लोक आधीच हसायच्या तयारीत होते.